संडास किती पावलांवर

३ सप्टेंबर २०१६, शनिवार

ही वही सांगलीच्या डॉक्टरणीने दिली ती लघवीसाठी. म्हणाली, "आजी, दिवसातून किती वेळा जाता, पाणी किती पिता, कपडे किती वेळा ओले होतात, सगळं रोज लिहा. परत याल तेव्हा घेऊन या." मी चौथी पास. लिहायला येतं, पण शिकलेली शाळा या कामी येईल असं वाटलं नव्हतं.

या खेपेला सिंगापूरला मुलाकडे येऊन सहा महिने झाले. घरात कुणाला यातलं काही माहीत नाही. वही साड्यांच्या घडीत असते आणि गादीखाली प्लास्टिक.

आज नऊ वेळा. दोनदा ओलं.

एवढं लिहून पान उरतं. कागद कोरा सोडायची मला सवय नाही, म्हणून बाकीचंही लिहिते.

नात चैत्राली, तिची सहावीची मोठी परीक्षा महिनाअखेरीला आहे. ती झाली की डिसेंबरात सगळ्यांनी न्यूझीलंडला जायचं ठरलंय. हॉटेलात उतरायचं नाही. गाडीत राहायचं. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच संडास. रोज नव्या गावी जायचं आणि तिथल्या पार्कात गाडी लावून झोपायचं. मी म्हटलं, "घर सोडून चाललाय की घर घेऊन?" सारंग म्हणाला, "आई, याला कॅम्परव्हॅन म्हणतात." नाव सांगितलं की याचं उत्तर झालं.

सारंगने आठ वर्षांत चाकाला हात लावलेला नाही. जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसने जातो, कंपनीच्या बसने येतो. गाडी चालवणार उत्तम, त्याच्याच कारखान्यातला. उत्तम नाही तर सहल नाही, हे सारंग स्वतःच म्हणाला. उत्तमची बायको सरिताही येणार. ती नोव्हेनाला इस्पितळात बायकांना व्यायाम शिकवते. त्यांना मूलबाळ नाही, चैत्रालीवर दोघांचा जीव. ते दोघे, हे तिघे आणि मी. सहा जणांची गाडी.

मला नेऊ नका म्हटलं. कुणी ऐकलं नाही. आजी घरी एकटी राहिली तर मीही जाणार नाही, असं चैत्राली म्हणाली. प्रेम कुठे करायचं याची अक्कल नाही पोरीला.

१० सप्टेंबर, शनिवार

आठ वेळा. ओलं एकदा, पण मोठं.

उत्तम आणि सरिता आले होते. टेबलावर नकाशा. चैत्रालीने कागदावर गाडी काढली आणि कुणी कुठे झोपायचं ते लिहायला लागली. सरिता म्हणाली, "आजींना खालचा पलंग द्या. मी त्यांच्या शेजारी झोपते. उठायला हात लागला तर मी आहे. उत्तम जाईल वर."

एक पलंग, एक गादी, शेजारी परकी बाई. सकाळी तिच्या कुशीखाली ओलं गेलं तर? मला काही सुचेना. तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "नको बाई. माझ्या अंथरुणाला दुसऱ्याचं अंथरूण लागलेलं चालत नाही मला. आमच्यात सोवळं असतं. आणि शेगडीला चिकटून संडास, तो तर नकोच. शिवाशिव होते. पार्कात बाहेर संडास असेल तिथेच मी जाणार."

सारंग म्हणाला, "सोवळं? आई, तू?"

"मी नाही तर काय शेजारीण?"

सरिता म्हणाली, "बरं आजी." विषय मिटला. मला हायसं वाटलं. सासूचं सोवळं मी तिच्याबरोबरच स्मशानात पोचवलं होतं. चाळीस वर्षांनी एकदा उपयोगी पडलं.

जाताना सरिताने आपला चहाचा कप स्वतः धुतला आणि जाळीवर पालथा ठेवला. वळण असावं तर असं. माझी सून अनघा आणि चैत्राली कप टेबलावर टाकून उठतात. उत्तम मात्र चिवड्याचा डबा विसरला. दर वेळी मागून नेतो.

१७ सप्टेंबर, शनिवार

दहा वेळा. आज लिहायला लाज वाटते, पण ती लघवीची नाही.

अनघा चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या ऑफिसात असते. आठवडाभर तिकडे कॉम्प्युटरपुढे आणि घरी आली की इकडे कॉम्प्युटरपुढे. माझ्यासाठी पार्क शोधतेय. तिने मोठा तक्ता केलाय. पार्काचं नाव, गाडीला वीज मिळते का, गरम पाणी, स्वयंपाकाची सामायिक खोली, आणि शेवटचा रकाना माझा: संडास किती पावलांवर. वाट सपाट का, दिवा आहे का, पायऱ्या किती, तेही त्यात.

चैत्राली लोकांनी लिहिलेले शेरे वाचून दाखवते, आणि इथल्या पोरांसारखं वाक्याला लाहचं शेपूट जोडते. "आजी, धिस वन चांगलं. टॉयलेट्स व्हेरी क्लीन, बट सो फार लाह."

"तिकडचे लोकही लाह म्हणतात?"

"नो लाह! लाह माझं."

आज अनघाने एका पार्काला फोन लावला. तळ्याच्या काठचं आहे. म्हणाली, सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, जागेपासून संडास किती पावलं? तो माणूस म्हणाला, थांबा. आणि फोन धरून चालत गेला. चालताना मोजत होता, आम्ही सगळे स्पीकरवर ऐकत होतो. चौतीस. मग त्याने विचारलं, आजी उंच आहेत का? अनघाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग पन्नास धरा.

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता ओलं झालं. आत जाऊन बदलून आले.

चौदा पार्कांना विचारून झालंय तिचं. मला सांगते, "आई, तुमचं सोवळं सांभाळेल अशी जागा मिळेलच." मी टोमणा शोधत होते तिच्या बोलण्यात. नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर, रविवार

आठ. एकदा.

उत्तमचा सारंगला मेसेज आला. रजा मिळत नाही, आमचं धरू नका. एवढंच. फोनही केला नाही. अनघाचा तक्ता अर्धा भरलेला, चैत्रालीची परीक्षा चालू. सारंग म्हणतो, मी शिकतो पुन्हा गाडी. अनघा म्हणाली, "सात मीटर लांब गाडी, डोंगरातून, आठ वर्षांनी? माझ्या लेकीला घेऊन? नाही."

मला राग आला. रजा आधी विचारायला नको? पोरीला आशा लावायची आणि असं. मी तसं बोलूनही दाखवलं. अनघाने कॉम्प्युटर बंद केला.

१६ ऑक्टोबर, रविवार

नऊ. दोनदा.

गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा याच दिवसांत उत्तमकडे गेलो होतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, वंदना झाली, मग खीर. वेलदोडा जास्त होता, ते मी सांगितलंही होतं. यंदा म्हणे धम्मदीक्षेचं साठावं वर्ष, मोठा कार्यक्रम होता. चैत्रालीने फोनवर फोटो पाहिले. आम्हाला बोलावणं नव्हतं. ती म्हणाली, "सरिता मावशी फरगॉट?" सारंग म्हणाला, "विसरली असेल." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

रजा नाही म्हणणाऱ्यांना कार्यक्रमाला बरा वेळ मिळाला.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मोजलं नाही आज.

सारंग आला तो बूट न काढताच आत. म्हणाला, "आई, उत्तम आता बसमध्ये माझ्याशेजारी बसत नाही. तीन आठवडे झाले. आज मी पास दाखवायच्या रांगेत धरलं त्याला. विचारलं, बाबा, माझं चुकलं काय? तो म्हणतो, तुझं काही नाही, तुझ्या आईंना आमचा त्रास नको."

मी म्हटलं, "माझा काय संबंध?"

"तू सरिताला काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? माझ्या अंथरुणाला तिचं अंथरूण नको म्हणाले. सोवळं..."

बोलता बोलताच मला ऐकू आलं. तोवर ते शब्द माझ्या तोंडात होते. आज पहिल्यांदा कानात गेले.

सारंग म्हणाला, "ते बौद्ध आहेत. माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं."

"मग?"

मग काय? खरं सांगायचं तर नेसणं सोडून दाखवल्यासारखं. मी म्हटलं, "मला तसं म्हणायचं नव्हतं." तो म्हणाला, "मग कसं म्हणायचं होतं?" आणि बूट घातलेल्या पायांनीच आंघोळीला गेला.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आज खरं लिहिते. ही वही कुणी वाचणार नाही आणि वाचली तर वाचू दे.

झोप मोडते म्हटलं असतं तर चाललं असतं. घोरते म्हटलं असतं. कंबर दुखते, एकटीला पसरून झोपावं लागतं, म्हटलं असतं. सतरा गोष्टी होत्या. मग तोंडात तेच कसं आलं?

दुपारी कप विसळताना हात थांबला. सांगलीला सासूच्या घरी परसात एक कोनाडा होता. त्यात एक कप, कान तुटलेला. अंगण सारवायला भागाबाई यायची, तिचा तो कप. मी चहा वरून ओतायची. कपाला किटली लागू द्यायची नाही, असं सासूने शिकवलं होतं, आणि मी ते चांगलं शिकले. चहा झाला की भागाबाई कप स्वतः धुवायची आणि कोनाड्यात पालथा ठेवायची.

आणि मी त्या दिवशी वहीत लिहिलं, वळण असावं तर असं. मागचं पान काढून पाहिलं. तसंच लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

सरिताला कुणी सांगितलं नव्हतं कप धुवायला. मी सोवळं म्हणाले आणि तिने कप धुतला. मी काय म्हणाले ते तिला माझ्याआधी कळलं.

मी कुणाचं वाईट केलं नाही असं मला आजवर वाटत होतं. सासूने केलं, मी फक्त ओतलं, असं. पण किटली माझ्या हातात होती.

सहल मोडली हे लहान झालं आता. तेही काही लहान नाही. चैत्राली परीक्षेतून सुटली आणि दिवसभर फोन बघत पडलीय. गाडीचा तो कागद भिंतीवरून काढला तिने. फाडला नाही, घडी करून ठेवला.

२६ ऑक्टोबर, बुधवार

सगळे गेल्यावर मी निघाले. घर सिमेईला, तिथून एकटी. सिटी हॉलला गाडी बदलायची, चैत्रालीबरोबर दोनदा गेले आहे. सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. घरून निघताना एकदा, सिटी हॉलला एकदा. इथल्या एमआरटी रेल्वेच्या कुठल्या स्टेशनात संडास कुठे आहे हे मला पाठ आहे. देवळं एवढी माहीत नाहीत.

नोव्हेनाला इस्पितळात खिडकीवरच्या मुलीला कागद दाखवला. त्यावर सरिताचं नाव मी लिहिलेलं, मराठीत. तिला काय कळणार? मग मीच मोठ्याने, सरिता, सरिता, करत राहिले. तेवढ्यात ती दार उघडून बाहेर आली, निळ्या कपड्यांत. घाबरली. "आजी? चैत्राली बरी आहे ना?"

"चैत्राली बरी आहे. मी बरी नाही."

तिने आत नेलं, दार लावलं. खुर्ची दिली. मी बसले नाही.

म्हटलं, "मला सोवळं नाही. मला लघवी धरवत नाही. अंथरूण ओलं होतं. तुझ्या शेजारी ते झालं असतं, म्हणून तसं बोलले."

तिने पेन हातात घेतलं. मग म्हणाली, "कधीपासून?" पुढे दहा प्रश्न. खोकलं की होतं का, हसलं की होतं का, बाळंतपणं किती. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मग पेन खाली ठेवलं.

"आजी, माझं कामच हे आहे. रोज सात-आठ बायका येतात याच तक्रारीच्या. तुम्ही मला शेजारी झोपू नको म्हणालात, आणि तुमच्यासाठी सगळ्यात बरी शेजारीण मीच होते."

तिने लिहिलेला कागद फाइलीत ठेवला.

"घोरते म्हणायचं होतंत."

"नाही सुचलं."

"तेच तर." ती खिडकीकडे बघत होती. "हे सांगायची तुम्हाला लाज वाटली. ते बोलायची नाही वाटली."

माझं चुकलं म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "इथे संडास कुठे आहे?"

तिने कोपराला धरून नेलं. दाराबाहेर उभी राहिली. बाहेर आल्यावर मी म्हणाले एकदाचं. तिने मान हलवली. हो का नाही, कळलं नाही.

म्हणाली, "व्यायाम शिकवते मी. दर बुधवारी या. पण उत्तमला मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

"पुरुषाला? हे?"

"हे. आणि तेही."

२९ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी. सकाळी आधी घरात सांगितलं. सारंगने तोंडावर हात ठेवला. अनघा एकदम उठली, मला वाटलं आता फुटणार. म्हणाली, "चौदा पार्कांना विचारलं मी, आई. पावलं मोजायला लावली त्या माणसाला. मला एकदा सांगायचं होतंत." मग डोळे पुसले आणि कॉम्प्युटर उघडला. "वॉशिंग मशीन आहे का, हेही विचारायला हवं आता."

चैत्राली म्हणाली, "आजी, व्हॅनचं टॉयलेट तर तुझ्या बेडपासून थ्री स्टेप्स."

खरंच. सगळ्यात जवळचा संडास तोच होता. त्यालाच मी नको म्हणाले.

उत्तमला फोन करून बोलावलं. एकटाच आला. दारातल्या खुर्चीच्या कडेवर बसला, कधीही उठता येईल असा. मी सांगितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, माझ्या काय झालं देव जाणे.

तो म्हणाला, "म्हणजे ते सोवळं खोटं होतं."

"हो."

"मनात काही नव्हतं."

इथे हो म्हटलं की सुटले असते. सारंग मानेने खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. पण सरिताने 'तेही' सांगा म्हटलं होतं.

"मनात होतं, म्हणून तर तोंडात आलं. नसतं तर दुसरं काही आलं असतं."

सारंग म्हणाला, "आई!"

उत्तम म्हणाला, "राहू दे. बोलू दे त्यांना." पण माझं जेवढं होतं तेवढं बोलून झालं होतं. त्याने बशीतून एक चकली घेतली, मोडली, अर्धी खाल्ली.

"रजा मिळेल मला," म्हणाला. "चैत्रालीसाठी चालवीन."

२६ नोव्हेंबर, शनिवार

परवा निकाल लागला. चैत्रालीला हवी ती शाळा मिळेल म्हणतात. तो भिंतीवरचा कागद पुन्हा लागलाय, घड्यांसकट.

आज संध्याकाळी उत्तम आणि सरिता आले. अनघाचा तक्ता पुरा झाला. नऊ पार्क, नऊ रात्री. सगळीकडे वीज, गरम पाणी, कपडे धुवायचं यंत्र. तळ्याकाठच्या त्या माणसाला अनघाने कळवलं की आम्ही येतोय, त्याने संडासाच्या दारासमोरची जागा देतो म्हणून लिहिलं. बावीस पावलं, त्याची. मळ गाडीतून नळीने ओतायचं काम सारंगकडे. कुणी हसलं नाही म्हणून मीही हसले नाही. आता हसलं तरी काही होत नाही, पण सवय.

झोपायच्या जागा परत ठरवायला घेतल्या. मी म्हटलं, मला बाकावर टाका. सरिता म्हणाली, "खालचा पलंग तुमचाच. शेजारी मी. मला ते काही नवीन नाही." कामाचं बोलावं तसं बोलली. कुठे प्लास्टिक घालायचं, पाणी किती वाजता बंद करायचं, तेही सांगितलं. व्यायाम चुकवू नका म्हणाली. मी चुकवत नाही. भात शिजतो तेवढ्यात दोन वेळा होतात.

चिवडा डब्यात भरून मी उत्तमच्या हातात दिला. नेला त्याने.

चहा झाला. सरिता कप घेऊन उठली. मी तिच्याआधी नळाशी जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. "दे इकडे. मी धुते."

"असू दे, आजी."

"दे म्हणते ना."

"असू दे." रागाने नाही म्हणाली. माझ्या बाजूने वाकून तिने नळ सोडला, कप विसळला, आतून बोट फिरवलं, पुन्हा विसळला आणि जाळीवर पालथा ठेवला. हात पुसले. मला म्हणाली, "बुधवारी या. जायच्या आधी एकदा बघू."

ते गेले. अनघाने भांडी लावायला घेतली. मी म्हटलं, तो कप तिथेच राहू दे.

आज पाच वेळा. ओलं एकदाही नाही. डॉक्टरणीने एवढंच लिहायला सांगितलं होतं.